गावातल्या शाळेला सॅनिटरी पॅड द्यायचे आहेत. पाळीमुळे मुलींची शाळा खरंच बुडते का? पॅड दिले तर फरक पडेल का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. पाळी आली की पोरी घरीच बसतात, असं सरसकट होत नाही. बहुतेक जणी येतात. पण दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवीला जावं लागू नये म्हणून. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाहीत, कारण उभं राहिलं की मागचा डाग दिसेल. हजेरीपटावर यातलं काहीच उमटत नाही.

मुलींचं वेगळं स्वच्छतागृह शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक आहे आणि आमच्याकडे ते आहेही. पण टाकी कोरडी असली की हापशावरून बादली भरायची आणि सगळ्या पोरांच्या देखत मैदान ओलांडून न्यायची. आतून कडी लागत नाही, म्हणून मैत्रीण दाराला पाठ लावून उभी. वापरलेला पॅड टाकायला डबा नाही. तो कागदात गुंडाळून दप्तरातून घरी न्यायचा. त्यापेक्षा सकाळचा पॅड शाळा सुटेपर्यंत तसाच ठेवतात. मांड्या सोलवटतात, खाज सुटते, पण सांगणार कुणाला?

राज्यात २०१८ साली अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना तेव्हा ५ रुपयांत ८ पॅड. चांगलीच योजना होती. पण नुसत्या साधनाने भागत नाही. नेपाळच्या चितवनमध्ये मुलींना पाळीचे कप (पॅडऐवजी शरीराच्या आत बसवायचे, धुऊन पुन्हा वापरायचे) देऊन अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. मुलींनी कप वापरले, पण हजेरी काही वाढली नाही.

शाळा कायमची सुटते ती सातवीनंतर. गावातली शाळा तिथे संपते, पुढे एसटीने हायस्कूलला जायचं आणि साधारण त्याच वयात पाळी सुरू होते. "पदर आलाय पोरीला, आता कशाला धाडायची?" हे मी आयांच्याच तोंडून ऐकलंय. मग स्थळं बघायला सुरुवात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातल्या कितीतरी जणींचं दप्तर असंच सातवी-आठवीत खुंटीला लागलं असणार.

तेव्हा पॅड जरूर द्या, पण त्याआधी दाराला कडी, पाण्याची टाकी आणि झाकणाचा डबा द्या. डबा रोज कोण रिकामा करणार, हेही मुख्याध्यापकांशी बोलून ठरवून घ्या. आणि पाळीवर माहिती द्यायला डॉक्टरबाई आणणार असाल, तर मुलींसोबत त्यांच्या आयांना आणि वडिलांनाही बोलवायला सांगा.