अर्थशास्त्र घेतलंस, आता गणित टाळू नकोस

प्रिय पोरी,

"काका, इकॉनॉमिक्सला स्कोप आहे का?" हा तुझा मेसेज वाचून आधी चिडलो. दर जूनमध्ये कुणीतरी मला हेच विचारतं. मग पुढचं वाचलं आणि वाईट वाटलं. बाबा म्हणतात बी.कॉम. करायला हवं होतंस, मामा म्हणतो एमपीएससीचा क्लास लाव, मैत्रिणी राज्यशास्त्राकडे निघाल्यात. आणि स्पेशलला तू अर्थशास्त्र घेतलंस ते "त्यात गणित फारसं नसतं" म्हणून! एवढे सल्लागार भोवती असून हे वाक्य ऐकून एकालाही धक्का बसला नाही, याचं मला नवल वाटतं.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. मुद्द्याचं बोलू. गणित सोडू नकोस.

बी.ए.चे पेपर गणिताशिवाय निघतात, हे खरं आहे. "मागणीचा नियम आकृतीसह स्पष्ट करा." पट्टीने एक उतरती रेष ओढायची, अक्षांना नावं द्यायची, खाली "वरील आकृतीवरून असे दिसून येते की" असं लिहायचं, झाले गुण. ती रेष किती उतरते, भाव रुपयाने वाढला तर माल किती कमी खपतो, हे कुणी विचारत नाही. अर्थशास्त्र मात्र त्या "किती"पासूनच सुरू होतं. गाईडमध्ये ते मिळणार नाही.

आता स्कोप. यूपीएससीतून जी भारतीय आर्थिक सेवा भरतात, तिला नुसती बी.ए. चालत नाही, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकारीपदाचंही तसंच. म्हणजे एम.ए. किंवा एम.एस्सी. चांगल्या ठिकाणी व्हायला हवी, आणि चांगल्या ठिकाणांच्या दारात गणितच बसलेलं आहे. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटी घेतात त्या 'जॅम' परीक्षेचा अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम उघडून बघ. संख्याशास्त्र आणि गणित हे त्यात वेगळे भाग आहेत. एवढं लांबचं नको, पदवीवरच नोकरी हवी म्हणशील, तर स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेत ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसरचं पद असतं. त्याला बारावीला गणितात 60 टक्के तरी हवेत, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र हा विषय तरी. तू बारावी आर्ट्स, गणिताविना. मग राहिलं काय? पदवीला संख्याशास्त्र घेता येतं का, हे उद्याच्या उद्या कॉलेजात विचारायचं. परवा नव्हे.

बँकेच्या क्लार्क-पीओच्या परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात, तेव्हा तो तुझ्या विषयाचा स्कोप म्हणून धरू नकोस. प्राध्यापकीचं म्हणशील तर सेट-नेट होऊन तासिका तत्त्वावर राबणारी मुलं तू रोज कॉलेजात बघतेसच.

आता तू म्हणशील, काका परीक्षांपुरतं गणित सांगतायत. नाही. तुमच्या घरी ऊसबिल येतं ना? ते काढ. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच तो किमान दर, ठरवली क्विंटलला 355 रुपये, तीही 10.25 टक्के उताऱ्याला. उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जास्त. उतारा 12 टक्के धर. टनाला किती झाले? कागदावर कर, मोबाइल बाजूला ठेव. 4,155 आणि वर काही पैसे यायला हवेत. आता त्यातून तोडणी-वाहतूक वजा कर आणि बाबांच्या खात्यावर जमा झालेल्या रकमेशी ताडून बघ. उतारा मागच्या हंगामाचा धरायचा की चालू, यावरून हायकोर्टापर्यंत भांडण गेलं. ते समजायला हीच आकडेमोड यावी लागते. 14 दिवसांत बिल दिलं नाही तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे वर्षाला 15 टक्के व्याज लागतं. ते कधी कुणी मागितलं का, बाबांना विचार. कारखान्याच्या गेटवर घोषणा द्यायला आपल्याकडे पोरं कमी नाहीत. बिल मांडून दाखवणारं एखादंच सापडतं.

त्याच फडातला ऊस गुऱ्हाळावर गेला तर हिशेब सगळा फिरतो. गुळाला एफआरपी नाही, मार्केट यार्डात सौद्याला जो निघेल तो भाव. वर गूळ रांधणारे गुळवे मिळत नाहीत, जळणाचा खर्च वेगळा. मग ऊस कुठे घालायचा, हे शेतकरी कसं ठरवतो? तुझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला दिसत नाही. "भारतातील दारिद्र्य : एक अभ्यास" असलं काही घेतलंस तर माझ्याकडे वाचायला पाठवू नकोस. दारिद्र्यावरच लिहायचं असेल तर दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 साली पुण्यात बसून ते कसं मोजलं, माणशी किती उष्मांक आणि त्याला किती पैसे, ते आधी वाच.

कोल्हापूर जिल्ह्यातलं माणगाव तुमच्याच तालुक्यात. 1920 च्या मार्चमध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर तिथल्या ज्या परिषदेला होते, तिच्यावर तू शाळेत भाषण केलंस, मी ऐकलंय. त्याच वर्षी बाबासाहेब अर्थशास्त्राचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला परत गेले आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला त्यांना डी.एस्सी. मिळाली, हे त्या भाषणात नव्हतं. किमती, विनिमय दर, सोनं-चांदी यांचे तक्ते समोर ठेवून ते मोठमोठ्या पंडितांशी भांडले. जयंतीला फोटोला हार घालताना त्या तक्त्यांचीही आठवण ठेवत जा.

माझं सांगतो. एम.ए.ला पुण्याला जायचं होतं, घरची परिस्थिती नव्हती. ते शल्य अजून आहे, लपवत नाही. एका संस्थेच्या कर्ज विभागात चिकटलो आणि नोकरी करता करता रात्री एका निवृत्त मास्तरांकडे संख्याशास्त्र शिकलो. एका मार्चअखेरीला थकबाकीचा तक्ता केला. वरून निरोप आला, जरा जुळवून घ्या. मी म्हटलं, बेरीज जुळलेलीच आहे. बदली झाली पार डोंगरातल्या शाखेत, बढती राहिली ती राहिलीच. तुझी काकू अजून टोमणे मारते, एक सही केली असती तर बंगला झाला असता म्हणून. सांग, माझं काय चुकलं? बेरीज बरोबर होती! मला आकडा कळत होता म्हणून अडून बसता आलं. ज्यांना कळत नव्हता त्यांनी सह्या केल्या, आणि पुढे चौकशीत तेच अडकले. लोक मला हेकट म्हणतात, म्हणू देत.

असो, भरकटलो. अकरावी-बारावी कॉमर्सची गणित व संख्याशास्त्राची बालभारतीची पुस्तकं काढ. पीडीएफ फुकट मिळतात. आर्ट्सच्या मुलीला झेपतात, मी झेपवून घेतलेली बघितली आहेत. रोज एक तास, वहीत. कळलं नाही तर ये, पण सोडवायचा प्रयत्न करून ये, कोरी वही घेऊन आलीस तर चहासुद्धा देणार नाही. शिवाय आपल्या जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' निघतं, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात विचार. त्यातला कुठलाही एक तक्ता निवड आणि त्यावर मराठीत एक पान लिही. "दिसून येते की" हे शब्द न वापरता.

रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे. बाबांची मागच्या तीन हंगामांची बिलं आण, वजनाच्या पावत्यांसकट. आणि मामाला सांग, क्लासचा पहिला हप्ता भरायच्या आधी मला एक फोन कर.

काका