पॉलिप्रॉपिलिनमध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पूड) किती टक्के टाकला की ट्रे ईएसडी-सेफ, म्हणजे स्थिर विजेच्या झटक्यापासून सुरक्षित, होतो? तोच माल शील्डिंगच्या, म्हणजे रेडिओ लहरी अडवणाऱ्या, डब्याला चालेल का?

टक्के विचारलेत म्हणून लिहायला बसलो. या टक्क्यांपायी माझी एका वर्षाची पगारवाढ गेली आहे.

आकडा घ्या: साधा कंडक्टिव्ह ग्रेड १५ ते २५ टक्के, हाय-स्ट्रक्चर ग्रेड (फांद्या फुटलेल्या कणांचा) ५ ते १०, नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिबारीक नळ्या) २ ते ४. रंगाचा काळा मास्टरबॅच (रंग भरलेले तयार दाणे) दोन-तीन टक्के टाकलात तर ट्रे नुसता काळा होतो. एवढ्यावर ट्रे पास होईल असं मात्र समजू नका.

भोसरीत एका मोल्डिंग शॉपमध्ये मी प्रोसेसला होतो. चाकणच्या गिऱ्हाइकाला सर्किट बोर्ड ठेवायचे ट्रे हवे होते, रोध १० चा ४ था ते ६ वा घात ओहम; घात जितका कमी तितका करंट सहज जातो. कार्बन घातलेले प्लास्टिकचे दाणे देणाऱ्या दाणेवाल्याच्या रिपोर्टात ५ वा घात, आमच्या ट्रेवर ९ वा. पर्चेसचे साहेब म्हणाले, "चोरांनी कार्बन कमी घातलाय, टक्का वाढवायला सांगा." वाढवला. रीडिंग जेमतेम हललं, वर ट्रे ठिसूळ झाले, कोपरे उडायला लागले आणि बोर्डांवर काजळी उतरली. अख्खा लॉट परत आला.

रात्रपाळीला एक ट्रे घेऊन मी त्याची अर्धी बाजू पॉलिश पेपरने घासली आणि पुन्हा मोजलं. घासलेल्या बाजूला ५ वा घात, दुसरीकडे तोच ९ वा. कार्बन आत होताच की! वर नुसत्या प्लास्टिकची पातळ साय धरली होती. आमचं इंजेक्शन सुसाट आणि डाय (साचा) थंडगार, त्यामुळे अशी साय धरते. शिवाय कार्बनचे कण एकमेकांना टेकून साखळी करतात तेव्हाच करंट जातो, आणि मशीनमधला माल वितळवणारा स्क्रू जोरात फिरवला की ती साखळी तुटते. मी स्पीड निम्मा केला, डाय ६० अंशांवर नेली, स्क्रूचे फेरे आणि बॅक प्रेशर (माल वितळताना स्क्रूवर धरलेला दाब) उतरवलं, माल थोडा जास्त गरम ठेवला. त्याच जुन्या दाण्यांत ५ वा घात आला. फक्त सायकल टाइम (एका फेरीचा वेळ) ३८ सेकंदांवरून ५१ वर गेला.

झालं, साहेबांना तेवढंच दिसलं. परत आलेला लॉट दळायला किती सेकंद गेले ते कुणी मोजलं नाही. उलट ते दळलेलं नव्या मालात मिसळायला सांगितलं, म्हणजे आधीच तुटलेली साखळी पुन्हा स्क्रूत. रिपोर्टात शेवटी 'मटेरियल प्रॉब्लेम' लिहिलं गेलं. दाणेवाला बिचारा निर्दोष होता, हे मी आजही कुणालाही सांगेन. तेव्हा तुमच्याकडे कुणी टक्के वाढवा म्हणालं, तर त्याच्या हातात आधी पॉलिश पेपर द्या.

शील्डिंगचं उत्तर: नाही चालणार. ट्रेवरचा चार्ज सावकाश उतरला तरी भागतं. शील्डिंगला माल जवळजवळ धातूसारखा लागतो, १ ओहम-सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली. तिथे स्टेनलेस स्टीलचे तंतू नाहीतर निकेल चढवलेला कार्बन फायबर घालतात. जोरात फिरवलेल्या स्क्रूत तेही तुटतात. आणि झाकणाच्या फटीतून गळती होत असेल तर माल कितीही भारी घ्या, उपयोग नाही.

मी पॉलिप्रॉपिलिन आणि हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनच चालवलंय, नायलॉनचं मला विचारू नका. मोजताना मल्टिमीटरच्या टोकदार पिना टेकवू नका, ५ पाउंडाची गोल वजनं येतात ती वापरा. ६ व्या घाताच्या खाली १० व्होल्ट, वर १०० व्होल्ट. गुलाबी अँटिस्टॅटिक ट्रे स्वस्त पडतो, पण तो हवेतल्या ओलाव्यावर जगतो: जुलैत पास, एप्रिलच्या दुपारी फेल. आणि ट्रे काळा असो की गुलाबी, अर्थिंग नसलेल्या टेबलावर ठेवलात तर चार्ज जाणार कुठे?