वाचकांचे प्रश्न : महामार्गावरचं जलद चार्जिंग स्टेशन

महामार्गालगत चार्जिंग स्टेशन उभारणाऱ्या आणि चालवणाऱ्या वाचकांचे काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. हिशेबात सगळीकडे तीन फेज, ४१५ व्होल्टचा पुरवठा धरला आहे.

प्रश्न : १२० किलोवॅटचे चार चार्जर बसवायचे आहेत. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेल ना?

उत्तर : चार गुणिले १२० म्हणजे ४८०, म्हणून पुरेल असं वाटतं. पण १२० किलोवॅट हा गाडीकडे जाणाऱ्या डीसीचा (एकदिश विजेचा) आकडा आहे. चार्जरची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर चौघांना मिळून सुमारे ५०५ किलोवॅट लागतात. पॉवर फॅक्टर (ट्रान्सफॉर्मरवरच्या एकूण केव्हीए भारातला खऱ्या कामी येणारा वाटा) ०.९८ धरला की ते ५१५ केव्हीए होतात. दिवे, कॅमेरे, पाण्याचा पंप आणि स्वच्छतागृह यांचे १५-२० केव्हीए वेगळेच. पुढचा प्रमाणित आकार ६३० केव्हीएचा, तोच घ्या. त्यावर ८५ टक्क्यांच्या आसपास भार येतो आणि कडक उन्हातही तेलाचं तापमान आवाक्यात राहतं.

५०० चा आधीच घेऊन ठेवला असेल तर तो मोडीत काढू नका. चारही चार्जरना मिळून ४०० किलोवॅटची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घाला. ग्राहकांना फारसा फरक जाणवणार नाही, कारण बहुतेक गाड्या बॅटरी अर्धी भरेपर्यंतच पूर्ण जोरात वीज घेतात, नंतर उतरत जातात. चारही गाड्या एकदम त्या पहिल्या टप्प्यात असण्याची वेळ क्वचितच येते.

एका चार्जरला पुरवठ्याकडून साधारण १८० अँपिअर लागतात, म्हणून प्रत्येकाला २५० अँपिअरचा एमसीसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा ब्रेकर) द्या. केबल मात्र १८० कडे बघून घेऊ नका, ती ब्रेकरच्या २५० ला उतरली पाहिजे. शिवाय कॅटलॉगमधली क्षमता जमिनीत एकट्याने टाकलेल्या केबलची असते. पाइपातून नेलेल्या चार केबल एकाच चरात शेजारी शेजारी टाकल्या की उष्णता अडकते आणि ती क्षमता चांगलीच घटते. कंत्राटदार हा हिशेब वगळतो आणि पहिल्या उन्हाळ्यात जॉइंट भाजतो.

आणखी एक, चार्जरची ऑर्डर देण्याआधी वीज कंपनीकडे अर्ज करा. चार्जर वेळेवर येतो, उच्चदाब जोडणीला मात्र महिनोन्महिने लागू शकतात.

प्रश्न : चार्जरवर १८० किलोवॅट लिहिलंय, पण गाड्यांना ९० च्या वर मिळत नाही. ग्राहक आमच्याशी भांडतात. चार्जर खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. गनच्या (गाडीत खुपसायच्या प्लगच्या) केबलवरची पट्टी वाचा. तिथे २५० अँपिअर असेल तर उत्तर तिथेच आहे. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी ४०० व्होल्ट वर्गातली असते आणि रिकामी होत आली की तिचा व्होल्टेज ३५० च्या आसपास उतरतो. २५० गुणिले ३५० म्हणजे ८७.५ किलोवॅट. याच गनला ८०० व्होल्ट वर्गातली गाडी लावली तर २५० गुणिले ७२० म्हणजे पूर्ण १८० मिळतात. ४०० व्होल्टच्या गाडीला एवढी वीज द्यायची तर ५०० अँपिअर लागतात आणि त्याला आतून द्रव फिरवून थंड ठेवलेली केबल लागते. म्हणून खरेदी करताना किलोवॅटच्या आधी गनचे अँपिअर विचारा. हा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो, आणि उगाच नसतो.

दुसरं कारण वाटणीचं. चार्जरच्या आत ३० किलोवॅटची सहा पॉवर मॉड्यूल (एसीची डीसी करणारे सुटे भाग) असतील, तर दोन गनांवर दोन गाड्या लागल्यावर ती तीन-तीन अशी वाटली जातात. एखादं मॉड्यूल बंद पडलं तरी चार्जर चालू राहतो, फक्त मुकाट्याने १५० चा होतो. त्यामुळे महिन्यातून एकदा लॉगमध्ये चालू मॉड्यूलची संख्या बघा.

तिसरं कारण गाडीचं. बॅटरी फार थंड असेल तर लिथियम धातूच्या रूपात साचू नये म्हणून गाडी स्वतःच कमी करंट मागते. फार गरम असेल किंवा ८० टक्क्यांच्या पुढे गेली असेल तरीही तेच होतं. यात चार्जरचा काही इलाज चालत नाही. गनच्या वर 'कमाल २५० अँपिअर' असा ठळक फलक लावा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

प्रश्न : पाऊस पडला की रात्री 'इन्सुलेशन फॉल्ट' येतो आणि सकाळी आपोआप जातो. मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या उपकरणाने) केबल तपासली, ठीक आहे. मग चूक कुठे?

उत्तर : गाडीला वीज देण्याआधी चार्जर डीसीच्या दोन्ही तारांचा अर्थिंगशी असलेला रोध मोजतो. तो दर व्होल्टला १०० ओहमच्या खाली गेला, म्हणजे ५०० व्होल्टला ५० किलोओहमच्या खाली, की चार्जिंग सुरूच होत नाही. एवढं गळायला गनच्या पिनांभोवतीचा ओला चिखल पुरतो. सकाळी ऊन पडलं की तो सुकतो आणि दोष पळतो. कोरड्या दिवशी मेगर लावून काहीच सापडणार नाही. दोष येत असतानाच मोजा.

आधी दोष गाडीचा की गनचा ते ठरवा. तीच गाडी दुसऱ्या गनला लावून बघा. तिथेही दोष आला तर गाडीकडे संशय घ्या. एकाच गनवर वेगवेगळ्या गाड्या अडत असतील तर गन बघा. ती अडकवायच्या खोबणीत तोंड खाली करून बसते का? गनचं पाणी निघून जायचं छिद्र मातीने किंवा किड्यांच्या घरट्याने बुजलंय का? रबरी गॅस्केट चिरलंय का? त्यानंतर चार्जरच्या बुडाशी बघा. केबल आत येते तिथली ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी कड) सैल असेल किंवा पाइपाचं तोंड उघडं असेल, तर चरातली ओल पाइपातून वर चढते आणि थंड रात्री आतल्या पत्र्यावर दव धरतं. पाइपाची तोंडं फोमने बंद करा आणि कॅबिनेटमधला छोटा हीटर चालू आहे का ते तपासा. बहुतेकदा तो चाचणीच्या दिवशी बंद केलेला असतो आणि तसाच राहतो.

एक गोष्ट मात्र करू नका : दोषाची मर्यादा खाली आणणं किंवा तपासणी बंद करणं. ओल्या जमिनीवर उभं राहून शेकडो व्होल्टच्या डीसीची गन हातात धरणाऱ्याला वाचवणारी ती तपासणी आहे.

प्रश्न : नव्या जागेवर खोदकाम सुरू होतंय. नंतर पश्चात्ताप होऊ नये म्हणून काय आत्ताच करून घ्यावं?

उत्तर : रिकामे पाइप. आज चार चार्जर असले तरी आठांचे पाइप टाका आणि प्रत्येकात नायलॉनची ओढदोरी ठेवा. काँक्रीट फोडण्यापुढे पाइपाचा खर्च किरकोळ आहे. डेटा केबलचा पाइप वीज केबलपासून वेगळा ठेवा. वळणावर काटकोनी एल्बो नको, केबलच्या व्यासाच्या १२ ते १५ पट त्रिज्येचा सावकाश वळसा हवा. नाहीतर जाड केबल ओढताना तिचं आवरण सोलतं.

चौथरा भोवतालच्या जमिनीपासून निदान ३०० मिलिमीटर उंच करा, पण स्क्रीन चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी येते का तेही बघा. फाउंडेशन बोल्ट उत्पादकाच्या साच्यावरच ओता. १० मिलिमीटरची चूक झाली तरी चार्जर क्रेनवर लोंबकळत राहतो.

गाडीचा सॉकेट कुठे पुढे, कुठे मागे, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे असतो. जागेची रुंदी २.५ ऐवजी ३ मीटर ठेवलीत आणि केबल ५ मीटरची घेतलीत तर पुढून किंवा मागून शिरून बहुतेक गाड्या निभावतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांसाठी एक जागा तरी आरपार जाता येईल अशी हवी. चार्जरपुढे काँक्रीट भरलेले लोखंडी खांब लावा, कारण नुसता चाकरोधक उंच गाडीला अडवत नाही.

आणि चार्जर पाठीला पाठ लावून ठेवू नका. एकाच्या पंख्याची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि दोघेही दुपारी वीज घटवतात.

प्रश्न : छतावर सोलर टाकलं तर स्टेशन त्यावरच चालेल का?

उत्तर : नाही. चार जागांवरचं ७५ चौरस मीटरचं छत साधारण १५ किलोवॅटचं होतं. चांगल्या उन्हात ते दिवसाला ६० युनिटच्या आसपास देईल, म्हणजे एक-दोन गाड्यांपुरतं. सावलीसाठी जरूर टाका, चार्जरची स्क्रीन आणि माणसं दोन्ही उन्हातून वाचतात.

प्रश्न : आमच्या भागात १५० किलोवॅटच्या वर लोड मिळत नाही. बॅटरी साठा लावून भागेल का?

उत्तर : गर्दीचे तास मोजल्याशिवाय सांगता येत नाही. समजा, संध्याकाळी सलग चार तास सरासरी २०० किलोवॅटची मागणी आहे. इतर वापर सोडून तुमच्या हाती १४० उरतात. तूट ६०, चार तासांची २४० युनिट. साठ्यातून काढताना होणारी गळती आणि तळाशी राखून ठेवायचा भाग धरला की ३०० युनिटचा साठा लागेल. पण सकाळीही तशीच गर्दी होत असेल तर मधल्या वेळात तो पुन्हा भरायला हवा. दुपारी मागणी ६० किलोवॅटवर उतरत असेल तर भरायला ८० किलोवॅट मिळतात, साडेतीन-चार तासांत काम होतं. दुपारीही रांग असेल, तर संध्याकाळी साठा रिकामा आणि चार्जर रांगत चाललेले.

प्रश्न : एकच २४० किलोवॅटचा घ्यावा की १२० चे दोन?

उत्तर : महामार्गावर दोन. एक बंद पडला तरी प्रवासी अडकत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२३ मध्ये अनुदानित स्टेशनांसाठी केलेल्या नियमात प्रत्येक चार्जिंग पोर्ट वर्षातला ९७ टक्के वेळ चालू असावा असं म्हटलं आहे. तो पाळला तरी एकेक गन वर्षात सुमारे ११ दिवस बंद राहू शकते. बंद पडण्याची कारणंही बहुतेक वेळा साधी असतात : कोणीतरी दाबून ठेवलेलं आणीबाणीचं लाल बटण, धुळीने बुजलेला फिल्टर, हरवलेलं सिमचं नेटवर्क. दोन कंपन्यांची सिम टाका, आणि नेट नसतानाही चार्जिंग सुरू होऊन हिशेब नंतर पाठवला जाईल अशी सोय चार्जरमध्ये आहे का, हे खरेदीपूर्वी नेट बंद करून स्वतः करून बघा.