तेजस या आपल्या लढाऊ विमानाचं इंजिन अजून बाहेरूनच का येतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आपलं यान मंगळाला पोचलं, चंद्रावर उतरलं, मग तेजसला इंजिन अमेरिकेचं का लागतं? (बारावी सायन्सची विद्यार्थिनी)

अगदी मुद्द्याचं विचारलंस. रॉकेटचं इंजिन आणि फायटर जेटचं इंजिन ह्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. इस्रोच्या रॉकेटमधलं आपलं विकास इंजिन उड्डाणात काही मिनिटंच जळतं, तेवढं झालं की त्याचं काम संपलं. जेटच्या इंजिनाला मात्र हजारो तास काढायचे असतात आणि पायलट थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) कधी एकदम पुढे ढकलणार, कधी मागे ओढणार, ते सगळं सहन करत.

त्यातलं टर्बाइनचं एक पातं बघ, बोटाएवढं असतं. ते ज्या गरम वायूत फिरतं त्याचं तापमान त्या धातूच्या वितळायच्या तापमानापेक्षाही जास्त, मग ते वितळत का नाही तर आतून पोकळ असतं आणि अंगावर बारीक बारीक भोकं असतात, त्यातून त्यामानाने थंड हवा बाहेर पडते आणि पात्याभोवती पातळ थर धरते. शिवाय अख्खं पातं एकाच स्फटिकातून ओतलेलं. थिअरी पुस्तकात मिळते गं, पण ओतताना किती हळू थंड करायचं, तडा नेमका कुठे जातो हे ज्या चार-पाच देशांना जमलंय ते कुणालाच सांगत नाहीत, पैसे दिले तरी नाही.

आपण प्रयत्नच केले नाहीत असं नाही. तेजससाठीच्या आपल्या कावेरी इंजिनाला 1989 ला मंजुरी मिळाली, बंगळुरूच्या जीटीआरई या सरकारी इंजिन-संशोधन संस्थेने काम केलं, पण वजन जास्त भरलं आणि जोर कमी पडला, 2008 मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं. उंचीवर चाचणी करायला आपल्याकडे तसं विमानच नव्हतं, म्हणून 2010 मध्ये रशियात नेऊन त्यांच्या आयएल-76 या मोठ्या मालवाहू विमानाला लावून उडवलं. त्याआधी 1961 मध्ये उडालेलं आपलं मरुत लढाऊ विमान, जर्मन डिझाइनर कर्ट टँक यांनी डिझाइन केलेलं, तेही कमजोर इंजिनामुळेच मागे पडलं. म्हणजे साठ वर्षं दुखणं एकच आहे आणि मला याचाच जास्त राग येतो.

परिणाम समोर आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये एचएएलला (तेजस बनवणारी सरकारी कंपनी) 83 तेजस मार्क-1ए ची ऑर्डर मिळाली, 2024 मध्ये विमानं यायला लागायची होती, पण जीई या अमेरिकन कंपनीकडून त्यांच्यासाठीचं पहिलं इंजिनच मार्च 2025 मध्ये मिळालं. तिकडे 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झालं आणि 42 स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) मंजूर असताना हवाई दलाकडे 29 उरल्या.

प्रश्न : आपल्यासारख्या विकसनशील देशाने संरक्षणावर एवढा पैसा घालणं बरोबर आहे का? (निवृत्त शिक्षक)

सर, शाळा-दवाखान्यांच्या पैशाची तुमची काळजी अगदी रास्त आहे. पण आकडा फोडून बघा. 2025-26 चं संरक्षण बजेट 6.81 लाख कोटी, त्यात पेन्शन 1.60 लाख कोटी, नवीन विमानं-जहाजं वगैरे भांडवली खर्च 1.80 लाख कोटी, आणि डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेला 27 हजार कोटींच्या आसपास. पेन्शन हा जवानांचा हक्क आहे, त्याला हात लावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण संशोधनाचा वाटा इतका लहान ठेवायचा आणि नंतर तयार माल डॉलरमध्ये घ्यायचा, हे गरीब देशाला जास्त महाग पडतं. एकूण खर्च वाढवण्यापेक्षा हा वाटा वाढवा, मला एवढंच म्हणायचंय.

प्रश्न : आता फ्रान्सच्या साफ्रानबरोबर इंजिन बनवणार म्हणतात, मग प्रश्न सुटला ना? (आयटीत नोकरी करणारा वाचक)

ऑगस्ट 2025 मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तसं सांगितलंय, आणि दिशा मला पटते. पण सुटला म्हणायची घाई नको. चीननेसुद्धा आपलं जे-10 लढाऊ विमान कितीतरी वर्षं रशियन इंजिनावर उडवलं, तेव्हा कुठे स्वतःचं लावलं. खरा प्रश्न डिझाइनचा हक्क कुणाकडे राहणार हा आहे, आणि ती पाती ओतायचं काम इथे होणार की फक्त जोडणी. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले तेव्हा तेजसच्या फ्लाइट कंट्रोलवर (उडताना विमान सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअर्सना तिथून परत यावं लागलं, मग उरलेलं काम त्यांनी इथे बसून पुरं केलं आणि 4 जानेवारी 2001 ला विमान पहिल्यांदा उडालं. ते सॉफ्टवेअर होतं, माणसं हुशार होती, निभावलं. पाती ओतायच्या भट्ट्या आणि इंजिन तपासायचे टेस्ट बेड मात्र अडचण आल्यावर उभारता येत नाहीत, त्याला दहा-पंधरा वर्षं आधी पैसा लावावा लागतो. म्हणून करारावर सही झाली की आधी बातमीत हे दोन मुद्दे शोधा, डिझाइनचा हक्क कुणाचा आणि पाती कुठे ओतणार, विमानं किती येणार ते नंतर बघू.