एक बाई, तीन नावं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

जुन्या जपानी चित्रपटांतली अभिनेत्री-गायिका योशिको यामागुची हिच्याबद्दल तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून आज एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : रि कोरान, ली श्यांगलान आणि शर्ली यामागुची या तिघी बहिणी का?

एकच बाई. पहिली दोन नावं म्हणजे एकाच चिनी नावाचे जपानी व चिनी उच्चार, तिसरं हॉलिवूडमधलं.

प्रश्न : पण ती मूळची चिनीच ना?

नाही. जन्म १९२० सालचा, मांचुरियातला, म्हणजे ईशान्य चीनमधला. आईवडील दोघंही जपानी.

प्रश्न : युद्धानंतर तिला गोळ्या घातल्या, असं एका व्हिडिओत ऐकलं.

असले व्हिडिओ पुढे पाठवू नका. ती २०१४ साली, ९४व्या वर्षी वारली; १९७४ ते १९९२ जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होती. देहदंड झाला तो जपानसाठी हेरगिरी करणाऱ्या योशिको कावाशिमाला, १९४८ साली. नावातल्या सारखेपणाने घोळ होतो. यामागुचीवर, तिला चिनी समजून, शांघायमध्ये देशद्रोहाचा आरोप मात्र खरंच होता. ती चिनी नाहीच, हे सिद्ध झालं तरच सुटका होती. बीजिंगला आईवडिलांकडे असलेला कुटुंब-नोंदणीचा उतारा तिच्या रशियन मैत्रिणीने एका जपानी बाहुलीत लपवून आणवला. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती सुटली.

प्रश्न : ‘सोशू याक्योकू’ मी रोज ऐकते. इतक्या गोड गाण्यात राजकारण कशाला आणता?

मी आणत नाही, ते आधीपासून आहे. गाणं जरूर ऐका, मलाही ते फार प्रिय आहे. पण १९४०च्या ज्या चित्रपटात ती ते गाते, तो एकदा पाहा. युद्धात घरदार गमावलेली चिनी मुलगी जपानी खलाशाचा तिरस्कार करते. तो तिच्या थोबाडीत मारतो आणि तिथून ती त्याच्यावर प्रेम करू लागते! चीनवर जपानी सैन्य चालून गेलेलं असताना हे पडद्यावर दाखवलं गेलं. ज्या मांचुरियन कंपनीने १९३८ साली तिला पडद्यावर आणलं, ती जपानी अंमलाखालची. त्या कंपनीने यामागुचीला चिनी म्हणूनच लोकांपुढे उभं केलं. ती थप्पड चिनी प्रेक्षकाच्या गालावर बसली. पुढे यामागुचीने स्वतः या चित्रपटांबद्दल खेद व्यक्त केला. तिने जे लपवलं नाही, ते आपण का झाकायचं? चित्रपटातले संवाद मात्र इंटरनेटवरच्या अर्धवट उपशीर्षकांवरून समजून घेऊ नका. जपानी जाणणाऱ्या कुणाला तरी सोबत बसवा.

प्रश्न : याच गाण्याची ‘१९४०ची मूळ एलपी, गायिका रि कोरान’ विकायला आहे. घेऊ का?

नको. १९४० साली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, अस्तित्वातच नव्हती, ती १९४८ साली आली. शिवाय या गाण्याची १९४०ची तबकडी हामाको वातानाबे आणि नोबोरू किरिशिमा यांच्या आवाजात आहे. यामागुची ते चित्रपटात गायली होती. विक्रेते नेमकं हेच सांगत नाहीत. पैसे देण्याआधी लेबलचा फोटो जपानी वाचणाऱ्या संग्राहकाला दाखवा.

प्रश्न : आजोबांनी सिंगापूरहून आणलेली तिची ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी माळ्यावर आहे. स्पिरिटने पुसून ठेवू? ध्वनिमुद्रण दिवाळीनंतर करून घेईन.

स्पिरिट अजिबात लावू नका! ती तबकडी लाखेची आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच, ते करणाऱ्या सुताराला विचारा. एकदा खाचा गेल्या की आवाज गेला. घरच्या रेकॉर्ड प्लेअरवरही लावू नका, एलपीची सुई तिला चालत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तबकडी उभी ठेवा आणि ७८च्या तबकड्या हाताळणाऱ्या जाणकाराकडे याच आठवड्यात घेऊन जा.