आजोबांनी राजीनामा कशाचा दिला?

प्रश्न असा आलाय: घरातल्या जुन्या ट्रंकेत १९५४ सालचा कोर्टाचा एक कागद सापडला. शेजारचा शेतकरी बांध ओलांडून शेतात घुसला आणि दमदाटी केली, अशी आजोबांची फिर्याद. शेवटी लिहिलंय, ‘उभयपक्षी राजीनामा झाल्याने आरोपीस सोडून देण्यात येत आहे.’ आजोबा नोकरीत नव्हतेच, मग राजीनामा कशाचा? शिवाय ‘ट्रेसपास’ला मराठीत काय म्हणायचं, हेही विचारलंय.

दुसरं आधी उरकतो. अतिक्रमण. ‘अतिक्रमण’ म्हणजे फक्त फुटपाथवरच्या टपऱ्या आणि गायरानावरची घरं, अशी आपली समजूत नगरपालिकेच्या ‘अतिक्रमण हटाव’ गाड्यांनी करून दिली आहे. कायद्याचं मराठी मात्र अतिक्रमण आणि गृह-अतिक्रमण हेच शब्द वापरतं, आणि ते बरोबर आहे. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, अति म्हणजे हद्दीपलीकडे. ‘ट्रेसपास’ ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचाही अर्थ ‘पलीकडे जाणं’ असाच. (दसऱ्याला आपण हेच थाटामाटात करतो आणि त्याला सीमोल्लंघन म्हणतो. खेड्यात त्याचं शिलंगण झालं, तो शब्द जास्त गोड.) नुसतं पाऊल पडलं म्हणून गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याचा, किंवा ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याला धमकावण्याचा, अपमानाचा, त्रास देण्याचा उद्देश लागतो. ‘ताबा’ हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता राजीनामा. परवाच एक सुशिक्षित गृहस्थ मला सांगत होते की हा शब्द ‘राजी-ना-मा’ असा फोडायचा. राजी नाही, म्हणून सोडून जातो! मी हात जोडले. मग पंचनामा म्हणजे पंच नाहीत आणि जाहीरनामा म्हणजे जाहीर नाही, असं म्हणायचं का? ‘नामा’ म्हणजे फारसीत लेख, कागद. करारनामा, हुकूमनामा, मुखत्यारनामा सगळे त्याच घरचे. ‘राजी’ अरबी ‘रिझा’ म्हणजे संमती, खुशी, त्या घराण्यातला. राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. बस. गंमत अशी की आपली ‘रजा’सुद्धा याच रिझाची. साहेबाची खुशी असेल तर मिळते ती रजा. म्हणजे चार दिवस सुट्टी मागणारा आणि कायमचा जाणारा, दोघेही एकाच अरबी धातूवर अर्ज लिहितात!

हिंदीत आजही राज़ीनामा म्हणजे दोन पक्षांतला समझोता. पद सोडायला त्यांच्याकडे इस्तीफ़ा आहे. तुमच्या कागदातला अर्थ हाच. फिर्यादी आणि आरोपी राजी झाले, तसं लिहून दिलं, काम संपलं.

मग मराठीत त्या शब्दाला खुर्ची कशी चिकटली? कोशवाल्या मित्रांचं म्हणणं सरळ आहे: नोकर ‘राजीखुशीने जातो’ असं लिहून देई, म्हणून. सरळ आहे आणि मला अजिबात पटत नाही. माझ्या मते शब्द कचेरीत आला तो शेतातून. मुंबई इलाख्यात रयतवारी होती, म्हणजे सरकार शेतसारा थेट शेतकऱ्याकडून घेई. शेत ज्याच्या नावावर, त्याला ते सोडायचं किंवा दुसऱ्याच्या नावावर करायचं तर तो सरकारात राजीनामा देई आणि येणारा कबुलायत लिहून देई. राजीनामा-कबुलायत ही जोडी महसुली दप्तरात जागोजागी भेटते. एक म्हणतो, मी खुशीने सोडतो. दुसरा म्हणतो, सारा भरायचं मला कबूल. ‘संमती’कडून ‘सोडणं’ हा प्रवास इथे झाला. एकदा शेताचा हक्क सोडण्याचा कागद राजीनामा ठरला, की कारकुनी सोडण्याच्या कागदाला वेगळं नाव कोण शोधत बसणार? आणि या मार्गावरून न गेलेल्या हिंदीत तो शब्द समझोत्यापाशीच थांबला. मित्र म्हणतात, पुरावा अपुरा आहे. त्यांच्या बाजूचा तरी कुठे पुरेसा आहे?

राजीनाम्याऐवजी ‘त्यागपत्र’ म्हणा असा आग्रह धरणाऱ्यांनाही याच झटक्यात सांगून टाकतो. त्याग करायला निदान काहीतरी पाहिजे. तुमच्या आजोबांनी शेताचा त्याग केला नव्हता, रागाचा केला असेल.

आजच्या कोर्टात या कागदाला राजीनामा म्हणत नाहीत. वकील म्हणतात ‘तडजोडीची पुरसिस’. पुरसिस! फारसी ‘पुर्सिश’, म्हणजे विचारणा. नाव विचारणेचं आणि आत असतं आपलं म्हणणं. अर्ध्या पानाचा मजकूर, खाली दोघांच्या सह्या, वकिलांच्या सह्या, कोपऱ्यात निशाणी क्रमांक. मजकूर बहुधा असा: ‘आमच्यातील वाद आपसात मिटला असून ही पुरसिस कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने देत आहोत.’ पाहिलंत? राजीनामा गेला, राजी त्याच कागदात बसून आहे.

कानाला खुपतं ते ‘केस मागे घेतली’. पोलिसांत नोंदवलेला गुन्हा फिर्यादीला मागे घेता येत नाही. खटला सरकारचा असतो. मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने, तोही कोर्टाच्या संमतीने. फिर्यादी करतो ते ‘आपसात मिटवणं’. ही वेगळी वाट आहे आणि ती ठरावीक गुन्ह्यांनाच खुली आहे. साधं अतिक्रमण आणि साधं गृह-अतिक्रमण त्यांत येतं, कोर्टाची परवानगीही लागत नाही. लोकअदालतीतही असे खटले याच कारणाने मिटतात. जो गुन्हा आपसात मिटवता येत नाही, तो तिथे चालतच नाही. आणि मिटलं की आरोपी नुसता ‘सुटत’ नाही, कायद्याने तो निर्दोष सुटल्यासारखाच असतो. न मिटल्यास साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दंडाची कमाल मर्यादा १८६० च्या दंड संहितेत ५०० रुपये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती ५,००० आहे. १९५४ साली ५०० रुपये ही रक्कम काय होती याचा विचार करा, म्हणजे शेजारी राजी का झाला हे कळेल.

आता तो ताबा. अतिक्रमण मिटवण्याचा अधिकार जागेच्या मालकाला नसून ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याला आहे, तेव्हाही होता. तेव्हा कागद पुन्हा उलगडा आणि राजीनाम्याखाली फिर्यादीच्या बाजूने सही कोणाची आहे ते बघा. सातबारा भले पणजोबांच्या नावावर असेल. सही आजोबांची असेल, तर १९५४ साली शेत कसत कोण होतं, हेही तुम्हाला कळलं.