अण्णांना विचारा : शिंगं नंतर, आधी खूर

प्रश्न : अण्णा नमस्कार, मी मंगळवेढा तालुक्यातला. माझ्याकडं सहादाती (सहा पक्के दात आलेला, दातावरून वय कळतं) काजळी खिलार (खिलार जातीचाच एक प्रकार) वळू आहे. यंदा यात्रेतल्या प्रदर्शनात उतरवला, सगळी गर्दी आमच्याच वळूभोवती, पण पंचांनी दोनदा चालवून बघितलं, वाकून मागच्या पायाला हात लावला आणि सरळ मागच्या रांगेत उभं केलं. विचारलं तर म्हणले, शर्यतीला पळव, गाईवर सोडू नको, खूर बघ त्याचे. खुरावर कुठं नंबर देतात का?

उत्तर : देतात दादा, आणि द्यायलाच पाहिजेत. तुम्ही फोटो पाठवलेत दोन, एकात नुसती शिंगं आणि वशिंड, दुसऱ्यात वळू घोट्यापर्यंत गवतात उभा, म्हणजे तुम्हीपण खूर लपवूनच फोटो काढलाय बघा (चिडू नका, आम्ही सगळेच असं करतो).

आता पंचांची बाजू ऐका. वळू गाईवर चढतो तेव्हा चारशे-साडेचारशे किलोचं सगळं ओझं मागच्या दोन पायांवर येतं. तिथं खूर दुखत असला की तो चढायलाच कंटाळतो, नाहीतर अर्धवट चढून उतरतो, आपण म्हणतो वळू थंड आहे, आणि गाय उलटून, म्हणजे गाभ न राहता, परत २१ दिवसांनी माजावर येते. ही झाली एक गोष्ट. दुसरी त्याहून मोठी. खच्ची केलेल्या बैलाचा वाईट खूर बैलाबरोबर संपतो, वळूचा गावभर पसरतो. एका हंगामात तीस-चाळीस गाई लागल्या तर तेवढ्या कालवडी-खोंडांच्या पायात तो जाऊन बसतो, आणि ते कळायला पुढं तीन-चार वर्षं लागतात, तोवर वळू विकून मोकळे झालेले असतात लोक.

मी कसा बघतो ते सांगतो. वळू मऊ मातीत किंवा पेंढ्यावर उभा असेल तर आधी कडक सपाट जागेवर घ्यायला लावतो आणि खूर पाण्यानं धुवायला लावतो. धुवायला नको म्हणला मालक की माझा निम्मा निकाल तिथंच लागला. मग मागून उभं राहायचं. मागचे दोन्ही गुडघे एकमेकाकडं वळलेत आणि खुरांची टोकं बाहेर फाकलीत का बघायचं, तसं असेल तर वजन बाहेरच्या फाकेवर (खुराचे दोन भाग असतात, त्यातला एक म्हणजे फाक) जास्त पडतंय. मागच्या पायाला तशीही बाहेरची फाक जास्त वजन घेते, पुढच्या पायाला आतली, म्हणून मागं बाहेरची आणि पुढं आतली जरा मोठी दिसली तर दचकू नका, पण एक फाक दुसरीच्या दीडपट दिसायला लागली तर थांबा. बाजूनं बघताना मागचा पाय विळ्यासारखा फार वाकडाही नको आणि काठीसारखा सरळही नको, सरळ पायाचा दिसायला रुबाबदार दिसतो पण चढताना सगळा धक्का सांध्यावर बसतो. टाच उंच पाहिजे, टेकलेली नको. मग चालवायचं, दोरी ढिली सोडून, ओढत नाही. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा जवळपास पडला तर चाल मोकळी. शेवटी पाय उचलून दोन फाकांच्या बेचक्यात बघायचं, मांसाची गाठ आहे का, आणि नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. कुजल्याचा वास लपत नाही.

आता खरा मुद्दा, बहुतेक लोक इथंच गोंधळतात. खूर वाढलेला असणं आणि खूर वळलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढलेला खूर म्हणजे टोक लांब झालंय, पण फाक सरळ आहे, तो आपला दोष, दावणीला बांधून ठेवल्याचा, कापला की संपला. वळलेल्या खुरात बाहेरच्या फाकेची भिंत पिळ्यासारखी आत फिरते आणि तळव्याखाली येते, जनावर भिंतीवरच चालायला लागतं. हे बहुतेक दोन्ही मागच्या पायांना सारखंच असतं आणि ते रक्तातून येतं. कापून दोन-चार महिने बरं दिसेल, परत वळणारच. आणि हे लहानपणी दिसत नाही, साधारण साडेतीन वर्षं उलटल्यावर दिसायला लागतं, म्हणून दोनदाती खोंडाचे खूर बघून मी कधीच हो म्हणत नाही, त्याची आई दाखवा म्हणतो, बापाच्या चार-पाच मोठ्या कालवडी दाखवा म्हणतो. तुमचा सहादाती आहे, म्हणजे आता दिसायच्या वयात आलाय. पंचांनी मागच्या पायाला हात का लावला ते कळलं का?

खूर धुवून मागून फोटो पाठवा. नुसता वाढलेला निघाला तर पुढच्या वर्षी परत उतरवा, वळलेला निघाला तर पंच बरोबर होते.

(एक जुनी आठवण, कार्तिकीच्या बाजारातली. मी स्वतः एक खोंड घेतला, खूर काळेकुळकुळीत चमकत होते. घरी आणून गरम पाण्यानं धुतले तर तेल आणि काजळ निघालं, खाली चीर, चिरेत मेण भरलेलं. तेव्हापासून बाजारात बादली मागतो, लोक हसतात.)

प्रश्न : सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातनं चारदाती खोंड घेतलाय, आधीच्या मालकानं वर्षभर कोब्यावर बांधलेला, खूर चपलेसारखे पुढं गेलेत आणि त्यावर आडव्या रेघा आहेत. आजोबा म्हणतात कोयत्यानं तास. तासू का?

उत्तर : कोयता ठेवा ऊस तोडायला. बैलांना पत्री (खुराला लोखंडी नाल) मारणारा माणूस बोलवा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा, आणि एकदम सगळं काढायचा हट्ट नको. तळव्यात गुलाबी झाक दिसली की हात थांबला पाहिजे, पुढं रक्त आहे. दोन टप्प्यांत, मध्ये महिनाभर सोडून काढा. एकदा सरळ झाला की रोज मुरमाच्या माळावर फिरवा, सांगोल्याकडं माळाला काय तोटा, माळ फुकटात खूर घासून देतो. काळ्या रानात पावसाळ्यात उलटं होतं, चिखलात खूर मऊ पडतो आणि बेचकं कुजतं.

आता रेघा. खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढतो, केसांच्या कडेपासून खाली. म्हणजे रेघ केसांपासून दोन सेंटिमीटर खाली असेल तर चार महिन्यांपूर्वी काहीतरी झालंय. ताप असेल, लाळ्या-खुरकूत असेल, नाहीतर विकायच्या आधी अंगावर यावा म्हणून एकदम मक्याचा भरडा आणि धान्य चारलेलं असेल. हा शेवटचा प्रकार यात्रेआधी लय चालतो. कडब्यावरच्या जनावराला अचानक धान्य दिलं की पोटात आम्ल होतं आणि त्याचा मार खुराच्या आतल्या नाजूक भागाला बसतो. मोजपट्टी लावून महिने मोजा आणि आधीच्या मालकाला फोन करून गोड बोलून विचारा तेव्हा काय झालं होतं.

बेचकं ओलं राहत असेल तर मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी, १० लिटरला अर्धा किलो, खूर आधी धुवून त्यात पाच-दहा मिनिटं उभा करायचा. शेण पडलं की ते पाणी संपलं, बदला. आणि शेळ्या-मेंढ्या असतील तर घमेलं उघडं ठेवू नका, मोरचूद मेंढराला विष आहे.

प्रश्न : वळूचे खूर काळे नाहीत, लालसर-पांढरे आहेत. लोक म्हणतात अपशकुनी आणि मऊ. खरं का?

उत्तर : अपशकुन वगैरे सोडा. आपल्याकडं काजळीचा खूर काळाच पाहिजे हे जातीच्या लक्षणात येतं, म्हणून प्रदर्शनात त्याला मार्क जातील. पण खानदेशातल्या तापी खिलारचं नाक आणि खूर लालसरच असतात आणि ती जनावरं पिढ्यान्‌पिढ्या कामं करतायत. रंगापेक्षा आकार बघा, दोन फाका जवळ मिटलेल्या आहेत का बघा.

प्रश्न : अण्णा, मी मोहोळहून लिहितेय, आमचा वळू मागच्या पायानं लंगडत होता, तळव्यात पू झाला, ताप आला, डॉक्टरांनी पू काढून औषध दिलं. आता पंधरा दिवस झाले, नीट चालतो. शेजारचे गाई घेऊन दारात येतायत, नाही म्हणवत नाही.

उत्तर : ताई, नाही म्हणा. पाय बरा झाला म्हणजे वळू बरा झाला असं नाही. बीज तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात, तापाच्या दिवसात जे बनत होतं ते आत्ता बाहेर पडतंय. आज गाय दाखवली तर ती उलटायची शक्यता जास्त, आणि नाव वळूचं खराब होणार. ताप उतरल्यापासून दोन महिने धरा, मग डॉक्टरांकडून वीर्य तपासून घ्या, त्याचवेळी सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिस रोगाची) रक्ततपासणीपण करून घ्या, कारण गावभरच्या गाईंना लागणारा वळू आहे तो. कानातल्या टॅगचा १२ अंकी नंबर रिपोर्टवर लिहिलाय ना तेवढं बघा, नाहीतर नंतर रिपोर्ट कुठल्या जनावराचा यावरच भांडणं होतात. तोवर शेजाऱ्यांना कृत्रिम रेतनाला पाठवा, आणि वळूच्या खाली कोरडा पेंढा टाका, मागच्या बाजूला जरा जास्तच.